वरची आळी

साथरोगशास्त्रात यायचंय म्हणणारी मुलं करोनानंतर बरीच भेटतात. कोणतं सॉफ्टवेअर शिकू, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. माझाही तोच होता. सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी, मग एमपीएच. ही सगळी वर्षं प्रयोगशाळेत नाहीतर संगणकापुढे गेली.

पहिली नोकरी जिल्ह्याच्या ठिकाणी, कंत्राटी. पहिल्याच पावसाळ्यात एका गावात गॅस्ट्रोची साथ आली. मी लाइन लिस्ट केली: नाव, वय, आळी, जुलाब कधी सुरू झाले. एकेचाळीस रुग्ण, सगळे ग्रामपंचायतीच्या विहिरीचं पाणी पिणारे. दोष विहिरीचा, असं अहवालात लिहून मी मोकळी झाले. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली, ओटी टेस्टला पाणी पिवळं झालं, म्हणजे पाण्यात क्लोरीन होतं. तरी रुग्ण येतच राहिले.

आठव्या दिवशी आशाताई म्हणाल्या, "मॅडम, वरच्या आळीला पण ह्याच विहिरीचं पाणी जातं. तिकडं कुणालाच काही झालं नाही."

वरच्या आळीत मी पाऊलही टाकलं नव्हतं. तिथे रुग्णच नव्हते, मग जायचं कशाला, असं वाटलं होतं. त्याच दुपारी खालच्या आळीतल्या शेवटच्या नळाचं पाणी तपासलं. ओटीचे थेंब टाकले, रंग येईना. त्या आळीकडे जाणारी पाइपलाइन गटारात फुटलेली होती. मधल्या आठ दिवसांत आणखी अठरा जण आजारी पडले, त्यांत दोन तान्ही मुलं. सगळे वाचले, पण ते अठरा माझ्या खात्यावर आहेत.

लंडनमध्ये १८५४च्या पटकीत जॉन स्नोने आजारी न पडलेल्यांचीही चौकशी केली होती. ब्रॉड स्ट्रीटवरच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार बचावले, कारण ते तिथल्या दूषित पंपाचं पाणी पीत नव्हते. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. गावात आठवलं नाही.

म्हणून अभ्यासक्रम निवडताना फी विचारायच्या आधी हे विचारा: गावात, वस्तीत किती महिने पाठवता? चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेत प्रत्यक्ष साथींवर काम करत शिकवण्याची परंपरा आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात २०१२ पासून साथींच्या तपासाचं ईआयएस प्रशिक्षण आहे, पण ते डॉक्टरांसाठी. डॉक्टर नसाल तर भरतीच्या जाहिराती आधीच नीट वाचा. अनेक जागांना वैद्यकीय पदवी लागते. जिल्ह्यातल्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात, हेही घरच्यांना आधीच सांगून ठेवा. संख्याशास्त्र हवंच, त्यात सूट नाही. पण ते वर्गात शिकता येतं.

अर्ज भरण्याआधी पावसाळ्यातले आठ दिवस काढा. प्राथमिक आरोग्य केंद्रात परवानगी मागा, एखाद्या आशाताईंबरोबर घरोघर फिरा. आणि जिथे कुणीच आजारी नाही, त्या घराचीही कडी वाजवा.