पासवर्ड बरोबर होता!

आधीच सांगतो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादकांना धरा, मला नको. तरी हा लेख मराठीतच लिहितोय, कारण ज्याच्यामुळे तो सुचला तो फर्स्ट इयरचा मुलगा मराठी मीडियमचा आहे आणि मला त्याची माफी मागायची आहे.

दिवाळीच्या सुट्टीत हॉस्टेलच्या रीडिंग रूमचं नेटवर्क वेगळं केलं. आधी तिथले पीसी कॉलेजच्याच १९२.१६८.१०.० या नेटवर्कवर होते. आता त्यांना १९२.१६८.२०.० हा स्वतंत्र सबनेट मिळाला आणि मधे राउटर आला. वाडा तोच, फक्त मधे भिंत घातली आणि एक दार ठेवलं. ज्याच्यावर आपले अकाउंट आणि फाइल्स असतात तो विंडोज डोमेनचा सर्व्हर मात्र भिंतीपलीकडे, १९२.१६८.१०.५ वर राहिला.

सुट्टीनंतर हा मुलगा आला. "दादा, लॉगिन होत नाही. परवा सबमिशन आहे, फाइल सर्व्हरवर आहे." मी म्हणालो, "कॅप्स लॉक बघ." बिचारा दोन दिवसांत तीनदा पासवर्ड बदलून आला. पोरं हसायला लागली. त्यात माझा रूममेट त्याच पीसीवर आरामात लॉगिन झाला, नेटसुद्धा चालू! झालं, सगळा दोष त्या मुलाचा ठरला.

रात्री मेसमध्ये रूममेट सहज म्हणाला, "मी जुनाच पासवर्ड टाकतो. नवा तो पीसी घेतच नाही." तेव्हा ट्यूब पेटली. विंडोज मागच्या काही युजर्सची लॉगिनची खूण पीसीवरच जपून ठेवतं, साधारणपणे १० जणांची. सर्व्हर सापडला नाही की त्यावरच आत सोडतं. म्हणजे रूममेटचा पासवर्ड सर्व्हरने तपासलाच नव्हता! हा मुलगा त्या पीसीवर सुट्टीआधी कधी बसलाच नव्हता, त्यामुळे त्याची खूण नाही. आणि स्क्रीनवरचा मेसेजही "पासवर्ड चुकीचा" असा नव्हता, "डोमेन उपलब्ध नाही" असा होता. तो आम्ही कोणी नीट वाचलाच नव्हता, मी तर नाहीच. (आणि इंग्रजी माझं चांगलं म्हणे!)

मग रूममेटच्या लॉगिनमधून कमांड प्रॉम्प्ट उघडला. आयपीकॉन्फिगमध्ये पत्ता २०.० मधलाच, गेटवेही बरोबर. इथे १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला असता, तर डीएचसीपी पोचत नाही असं समजायचं. डीएचसीपीची पहिली हाक ब्रॉडकास्ट असते, ती राउटर ओलांडत नाही. त्यासाठी राउटरवर रिले लागतो. आमच्याकडे तो होता. सर्व्हरला पिंग केलं, उत्तर आलं. म्हणजे रस्ता मोकळा, तरी सर्व्हर सापडत नाही?

गोम इथेच होती. पीसी डोमेनचा सर्व्हर आयपीने शोधत नाही, तो डीएनएसला विचारतो. एनएसलुकअपमध्ये डोमेनचं नाव टाकलं तर "असं काही नाही" असं उत्तर, आणि उत्तर देणारा कोण? ८.८.८.८. गूगलचा डीएनएस! नव्या सबनेटच्या डीएचसीपीत तोच भरला होता. त्याला सगळ्या जगाच्या साइट माहीत, म्हणून नेट चालू. पण आपल्या कॉलेजचं आतलं नाव त्याला कसं ठाऊक असणार? पुण्यातला पत्ता दिल्लीच्या पोस्टमनला विचारल्यासारखं झालं.

सकाळी सर्व्हर रूमच्या सरांनी डीएचसीपीच्या ऑप्शन ००६ मध्ये १०.५ घातलं. आम्ही पीसी रीस्टार्ट केले आणि लॉगिन सुरू झालं. एक पीसी तरी हटेना. त्याला कोणीतरी हाताने आयपी देऊन मास्क २५५.२५५.०.० ठेवला होता. त्यामुळे १०.५ हा आपल्याच खोलीत आहे असं समजून तो दाराकडे न जाता खोलीतच हाका मारत बसला होता. मास्क २५५.२५५.२५५.० केल्यावर तोही सुधारला. पीसीचं घड्याळ पण बघत जा, सर्व्हरपेक्षा ५ मिनिटांहून जास्त फरक असला तर कर्बेरॉस अडवू शकतो.

मग त्या मुलाला बोलावलं, सॉरी म्हणालो, खुर्ची दिली. तो कीबोर्डकडे बघत नुसता बसला. म्हणाला, "दादा, तीनदा बदलला ना, आता शेवटचा कोणता ते आठवत नाही."