बँडसॉचं पातं चाकावर बसवताना

1. प्लग काढा. नुसतं बटण बंद करून दार उघडू नका. आमच्या वर्कशॉपमध्ये काढलेला प्लग टेबलावर, सगळ्यांना दिसेल असा ठेवतात. ज्याचे हात यंत्रात, प्लग त्याच्याच ताब्यात. 14 इंची बँडसॉचं पातं मिनिटाला 3000 फुटांच्या आसपास धावतं, म्हणजे सेकंदाला पन्नास फूट. हात मागे घ्यायला सवडच मिळत नाही. गुंडाळलेलं पातं सोडताना चामड्याचे हातमोजे आणि गॉगल हवेतच. यंत्र चालू करण्याआधी मात्र हातमोजे काढून ठेवायचे.

2. वरचे-खालचे गाइड आणि पाठीमागचं बेअरिंग आधी लांब सरकवा. ती जागेवर ठेवून ट्रॅकिंग, म्हणजे पातं चाकावर योग्य जागी आणणं, केलं, तर पातं स्वतः चालतंय की गाइडच्या रेट्याने, हे कळणारच नाही.

3. आधी ताण, मग ट्रॅकिंग. सैल पात्यावर केलेलं ट्रॅकिंग ताण दिल्याबरोबर बिघडतं आणि सगळं काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

4. आता खरं काम. लहान बँडसॉच्या चाकांवरचं रबर बहुधा मधोमध किंचित फुगीर असतं. ताणलेलं पातं त्या उंचवट्याकडे चढतं आणि तिथेच टिकतं. पातं पुढे-मागे न्यायचं ते वरच्या चाकाचा कल बदलून, आणि कल बदलतो मागच्या नॉबने. बहुतेक यंत्रांत नॉब आवळला की पातं मागे जातं. एका वेळी पाव फेराच द्या. मग आरा धरून चाक हाताने फिरवा, तेही यंत्र चालतं त्याच दिशेला. उलटं फिरवलं तर पातं उतरू शकतं. पातं नव्या जागी यायला थोडे फेरे लागतात, तेवढा वेळ त्याला द्या. इथल्या घाईतून अपघात होतात. "मोटरवर दोन सेकंद फिरवून बघू" असं कुणी म्हणालं, की मी त्याला बाजूला करतो. चाक फिरवताना दुसरा हात टेबलाजवळ नको, कारण तिथे दातेही फिरत असतात. पातं मधोमध स्थिर झालं, की नॉबचा लॉकनट आवळायचा.

सपाट चाकांच्या यंत्रांना पातं मधोमध ठेवण्याचा हा नियम लागू नाही. त्यांत रुंद पात्याचे दाते चाकाच्या कडेबाहेर ठेवतात. यंत्राचं पुस्तक बघूनच ठरवा.

5. पातं एका जागी राहतच नसेल, तर नॉब पिळत बसू नका. टायर बघा. सागाचा चिकट भुसा रबरावर थापला जातो आणि पातं त्या थरावर हेलकावतं. रबर कडक होऊन तडकलं असेल, तर ते बदलण्यावाचून इलाज नाही.

6. दर फेऱ्याला पातं एकदाच पुढे येऊन मागे जात असेल, तर सांध्यावर खडूची खूण करून चाक फिरवा. झटका खुणेपाशीच येत असेल तर वेल्डिंग वाकडं आहे. बँडसॉची सगळी मदार या सांध्यावरच आहे. विल्यम न्यूबेरीने इंग्लंडमध्ये 1809 च्या सुमारास पेटंट घेतलं, पण टिकणारी पाती मिळेनात म्हणून यंत्र मागे पडलं. फ्रान्सच्या अ‍ॅन पॉलिन क्रेपिन यांनी 1846 मध्ये पातं जोडण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, तेव्हा कुठे ते मार्गी लागलं. त्यामुळे वाकडा सांधा "चालेल" म्हणून चालवू नका.

7. गाइड परत आणताना कागद घालून फट ठेवा. गाइडची पुढची कड दात्यांमधल्या खाचांच्या मागेच राहायला हवी, नाहीतर दात्यांची धार जाते. मागचं बेअरिंग लाकूड कापतानाच पात्याला टेकावं.

8. दोन्ही दारं लावा, मगच प्लग. पहिल्यांदा बटण दाबून लगेच सोडा आणि आवाज ऐका. यंत्राच्या उजवीकडे कुणालाही उभं राहू देऊ नका, कारण तुटलेलं पातं सहसा तिकडेच उडतं.

9. काम संपलं की ताण सैल करा आणि "पातं सैल आहे" अशी पाटी बटणावर टांगा, म्हणजे सकाळी आधी येणारा ती वाचूनच यंत्राला हात लावेल.