सरपटणारे प्राणी पाळण्याचा परवाना : समज आणि कायदा

खालापूर तालुक्यातील रसायनी परिसरात कारखाने, कामगार वसाहती, भातखाचरे आणि पाताळगंगेचा काठ एकमेकांस लागून आहेत. पावसाळ्यात अंगणात धामण दिसणे किंवा बांधावर कासव सापडणे, यात येथे कोणासही नवल वाटत नाही. असे कासव कौतुकाने घरी आणले जाते आणि मुलांना त्याचा लळा लागतो. एखादा हौशी नोकरदार शहरातून परदेशी इग्वाना विकत आणतो. यांपैकी बेकायदेशीर काय, असे विचारल्यास बहुतेक जण इग्वानाकडे बोट दाखवितील. प्रत्यक्षात इग्वानाची रीतसर नोंदणी होऊ शकते. बांधावरच्या कासवासाठी असा कोणताही मार्ग नाही.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्य प्राणी पकडणे हीदेखील शिकारच समजली जाते. २०२२ च्या सुधारणेनुसार नाग, घोणस, अजगर व धामण पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या बाबतीतील गुन्ह्यास किमान तीन व कमाल सात वर्षे कारावास आणि निदान पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. पिंजऱ्यातील देशी पोपटही संरक्षित आहे, हे तर अनेक सुशिक्षितांच्याही गावी नसते. वन्य प्राणी ताब्यात आल्यास ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्यास किंवा वन अधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. वन विभागाचा दूरध्वनी क्रमांक १९२६ ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवल्यास हे काम सोपे होईल.

पकडण्याची परवानगी मिळते, ती शिक्षण, संशोधन किंवा औषधासाठी सर्पविष गोळा करणे अशा मोजक्याच प्रयोजनांसाठी. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथे २०२५ च्या नागपंचमीस केंद्रीय मंत्रालयाने २१ नाग पकडू दिले, तेही केवळ शैक्षणिक प्रयोजनासाठी. जेथे शतकांच्या परंपरेलाही एवढीच मुभा मिळते, तेथे घरगुती हौसेला ती मिळणे शक्य नाही.

परदेशी प्राण्यांची व्यवस्था निराळी आहे. इग्वाना, बॉल पायथन, आफ्रिकन राखी पोपट यांसारख्या, आंतरराष्ट्रीय कराराखाली येणाऱ्या जाती अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीत आहेत. २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार असा जिवंत प्राणी ताब्यात असणाऱ्याने परिवेश संकेतस्थळावरून मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदणीसाठी अर्ज करावयाचा असतो. जुन्या मालकांना दिलेली सहा महिन्यांची मुदत संपली आहे. नव्याने प्राणी घेणाऱ्यास तीस दिवस मिळतात. हस्तांतरण, पिलांचा जन्म आणि मृत्यू हेही कळवावे लागते. दुकानदाराची साधी पावती म्हणजे नोंदणी नव्हे. फसगत होते ती बहुधा येथेच.

कंटाळा आला म्हणून परदेशी कासव नदीत सोडणे हा तर सर्वांत वाईट उपाय होय. लाल कानाचे अमेरिकन कासव जगातील अत्यंत उपद्रवी आक्रमक जातींत गणले जाते व ते स्थानिक कासवांचे अन्न आणि जागा बळकावते. पाताळगंगेत ते एकदा रुजले, तर पुन्हा वेचून काढणे कोणत्याही खात्यास साधणारे नाही.

शाळांसाठी एक बाब. प्रयोगशाळेत बाटलीत ठेवण्यासाठी विद्यार्थ्यांकडून साप मागविण्याची प्रथा काही ठिकाणी होती. मृत सापडलेला वन्य प्राणीदेखील शासनाची मालमत्ता असतो. यास्तव असा नमुना ठेवण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी वन परिक्षेत्र अधिकाऱ्यांशी लेखी पत्रव्यवहार करणे आवश्यक आहे.