आधी जेव, मग वाच

वाई,
गुरुवार

चि. मनू,


परवा रात्री तुझ्या आईचा फोन आला. आधी गॅसचा नंबर, पाऊस, शेजारच्यांचं बांधकाम असं सगळं झालं आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "मनूला स्वारगेटच्या स्टँडवर चक्कर आली होती म्हणे." म्हणे! म्हणजे आईलाही तू सांगितलं नव्हतंस. तुझ्या रूमवरच्या मुलीनं फोन केला म्हणून कळलं. मग मी खोदून खोदून विचारलं तेव्हा एकेक बाहेर आलं. सकाळी डब्यातली कसलीशी पावडर पाण्यात कालवून प्यायची, दुपारी काकडी, रात्री काही नाही. दोन महिन्यांत अकरा किलो. आणि केस विंचरले की कंगव्यात पुंजका.

हे सगळं म्हणे त्या स्थळाकडच्यांनी "मुलगी जरा अंगानं आहे" म्हटल्यामुळे चाललंय. खरं-खोटं तुला ठाऊक. बातमी तुझ्या काकूच्या तोंडची आहे, तेव्हा निम्मी सोडून द्यायची. पण खरी असली तर त्या माणसांना आपल्या उंबऱ्याच्या आत चहासुद्धा मिळायचा नाही, हे तुझ्या बाबांना मी कळवून ठेवलंय.

तू म्हणशील, आत्याला काय, ती जन्माची खाण्याच्या बाजूची. तसं नाही गं. वजन उतरवायला माझी ना नाही. मधुमेहापायी अण्णांच्या पायाचं बोट काढलं तेव्हा तू लहान होतीस. ड्रेसिंगच्या वेळी तुला अंगणात खेळायला पाठवायचे. मी आत असायचे. तुझ्या बाबांना त्याच्याच गोळ्या चालू आहेत, आणि मागे माझं रक्त तपासलं तर एचबीएवनसी ६.२. डॉक्टर म्हणाले, ५.७ च्या पुढे गेलात की काठावर आलात, ६.५ ला आत. तेव्हा आपल्या घरातल्या मुलीनं वेळेवर शहाणं व्हावं असं मलाही वाटतं. पण म्हणून स्टँडवर पडेपर्यंत उपाशी राहायचं? मागून एखादी गाडी रिव्हर्स येत असती म्हणजे?

आता हिशेब ऐक, तुम्हाला आकडे आवडतात. किलोभर चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. बसून काम करणाऱ्या बाईला दिवसाला लागतात सोळाशे-सतराशे. म्हणजे अख्खा दिवस नुसत्या पाण्यावर काढलास तरी पावकिलोसुद्धा चरबी जळत नाही. मग पहिल्या आठवड्यात काटा भराभर उतरला तो कशानं? त्यात पाणीच जास्त. आणि नंतर चरबीबरोबर स्नायूही जातो, तो काट्यावर वेगळा दिसत नाही. केसांचं तसंच. आज उपाशी राहिलं की दोन-तीन महिन्यांनी गळायला लागतात, म्हणून माणूस शांपूला दोष देत बसतो.

त्या काट्यावर तुझा फार भरवसा बसलाय म्हणून तुमच्याच पुण्यातली एक गोष्ट सांगते. माझ्या डॉक्टरांनी मला एक फोटो दाखवला. केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेला आहे तो. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. पण अंगातली चरबी साहेबाची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२. आपल्याकडची माणसं वरून किडकिडीत दिसली तरी आत चरबी बाळगून असतात, ती अशी. मग स्नायू जाळून काट्यावरचा आकडा खाली आणलास तर मिळवलंस काय? त्यापेक्षा शिंप्याची टेप घे आणि कंबर मोज. आपल्या बायकांनी ८० सेंटीमीटरच्या आत राहावं म्हणतात. आणि टेप लावायच्या आधी जेवलीस का ते सांग.

आमच्या भिशीत सध्या दोन तट पडलेत. एक डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा: दोनदाच जेवायचं, पंचावन्न मिनिटांत उरकायचं, मध्ये तोंड बंद. दुसरा ऋजुता दिवेकरांचा: घरचं खा, वरणभातावर तूप घ्या, घाबरू नका. परवा यावरून दोघींचं बोलणं बंद झालं. मी कुठल्याच तटात नाही, मला दोन्हीकडचा फराळ मिळतो. पण एक बघ, उपाशी राहा असं दोघंही सांगत नाहीत. ते तुझ्या जिममधल्या त्या पोरानं सांगितलं, ज्याला पावडरचा डबा खपवायचा आहे.

मी काय केलं ते सांगते, घे नाहीतर सोड. पहिल्यांदा चहा. आपल्या घरचा चहा म्हणजे कपाला दोन चमचे, दिवसाला चार कप सहज. एक चमचा पाच ग्रॅमचा, म्हणजे चाळीस ग्रॅम साखर चहातच गेली. जागतिक आरोग्य संघटना पंचवीसच्या आत राहिलात तर बरं म्हणते. मी हळूहळू अर्ध्या चमच्यावर आले. पहिले काही दिवस तोंड वाईट व्हायचं, आता दुसऱ्याकडचा चहा पाकासारखा लागतो.

मग तेल. माझ्या आईची पळी तुला माहीत आहे, ती कधी मोजून पडली नाही. मी तेलाच्या किटलीशेजारी पोह्यांचा चमचा ठेवलाय. एवढ्याशा तेलात मोहरी तडतडत नाही, नुसती करपते. म्हणून कढई कलती धरायची, तेल एका कडेला गोळा झालं की तिथेच मोहरी, जिरं, हिंग टाकायचं, आणि तडतडली की सरळ करून भाजी वर ओतायची. मेथी, दोडका, घेवडा, सगळं होतं. वांग्याचं होत नाही, ते मान्य. वांगं महिन्यातून एकदा आईच्या पळीनं करते आणि मिटक्या मारत खाते.

कोशिंबीर आपण डावीकडे चमचाभर वाढतो ना, ती आता वाटीभर घेते, आणि भाताचा डोंगर असायचा तिथे मटकी नाहीतर मूग. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली जे ताट सांगितलंय त्यात एका माणसाला दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आहेत. आपण तेवढ्यात चौघांचं भागवतो! आणि भाकरी खाल्ली की बारीक होतं हे खूळ डोक्यातून काढ. तीन भाकऱ्या म्हणजे तीन भाकऱ्याच.

सगळ्यात अवघड गेलं ते पातेलं पुसून खाणं सोडणं. आमच्या पिढीत बाई शेवटी बसायची आणि उरलंसुरलं संपवायची. माझं पोट म्हणजे घरातलं जाळीचं कपाटच होतं. तुला ते करायचं नाहीये, मग तू कशाला स्वतःला शिक्षा करून घेतेस?

तुझ्या वयाची असताना मीही केलंय हे. तेव्हा पावडर नव्हती, उपास होते. चतुर्थी, गुरुवार, शनिवार, शिवाय मनातले. आई म्हणायची पोरगी किती देवभोळी. लग्नाआधी उतरलं खरं, लग्नानंतर व्याजासकट परत आलं. त्याचं मला आता काही वाटत नाही. वाटतं ते पोहण्याचं. तुझे बाबा आणि मी गणपती घाटावर उन्हाळाभर पाण्यात असायचो. त्यांच्यापेक्षा माझा दम मोठा होता, विचार त्यांना. मग एकदा घाटावरच्या पोरांनी मला बघून "ढोल्या गणपती आला रे" म्हणून ओरडा केला. खुद्द ढोल्या गणपतीच्या देवळासमोर, म्हणजे देवालाही ऐकू गेलं असेल. बाबा मारामारीला धावले. मी घरी आले आणि पुन्हा पाण्यात उतरले नाही. पुढची सगळी वर्षं काठावर बसून ह्यांचे टॉवेल सांभाळले. बारीक झाले की उतरेन म्हणायचे. ते राहिलं ते राहिलंच.

तू ट्रेकला जाणं सोडलंस असंही तुझी आई म्हणाली. ग्रुपच्या फोटोत मागे उभी राहतेस म्हणाली. ते ऐकून मला तुला चक्कर आल्यापेक्षा जास्त लागलं.

बरं, आता रागावू नको. एवढं लिहून झाल्यावर वाटतंय, उगाच ओरडले. पण दोन गोष्टी खऱ्याखऱ्या सांग, मी तुझ्या आईला सांगणार नाही. महिन्याचं वेळेवर येतं का? फार कमी खाल्लं की ते थांबतं. आणि हिमोग्लोबिन बघितलंस का? एखाद्या चांगल्या डॉक्टरांकडे जा, पैसे मी पाठवते. वजन उतरवायचंच असेल तर आठवड्याला अर्धा किलो उतरू दे, पोटभर जेवून. कोणाचा मुहूर्त चुकत नाहीये.

शनिवारी येतेस का? दुपारची गाडी धर आणि बसायच्या आधी काहीतरी खाऊन घे. केळं खा निदान. मी न्यायला येते स्टँडवर, तू नको म्हटलंस तरी. संध्याकाळी मेणवलीकडे चालत जाऊ, तू मला सोडून पुढे जा, मी मागून येईन. आरशासमोर जास्त उभी राहू नको, तू तुझ्या आजीसारखी दिसतेस आणि आजी फार देखणी होती.

पलीकडच्या वाड्यातला मुलगा उद्या पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर डबा देते. त्यात भाजलेले शेंगदाणे, दोन भाकऱ्या, मुगाची उसळ आणि कारळ्याची चटणी आहे. चटणीवर घ्यायला बाटलीत थोडं कच्चं तेल दिलंय. ते मोजलेलं नाही, तेवढं चालवून घे.

तुझी,
आत्या