धुराड्यावरचा पहारा

सोडा हा पदार्थ दिसावयास साधा. परंतु काच, साबण आणि कापड या धंद्यांचे त्यावाचून चालत नसे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये तो मिठापासून तयार करीत. मीठ आणि गंधकाम्ल एकत्र तापविले, की सोड्यासाठी लागणारे द्रव्य मिळे. पण त्याच वेळी हायड्रोजन क्लोराइड नावाचा झोंबणारा वायूही निघे. तो निरुपयोगी समजून कारखानदार उंच धुराड्यांतून आकाशात सोडून देत.

आकाशात गेलेला वायू आकाशात राहिला नाही. हवेतील ओलाव्याशी मिळून त्याचे आम्ल बने आणि ते शेजारच्या शेतांवर उतरे. सेंट हेलेन्स, विडनेस या गावांच्या आसपास झाडांची पाने करपली, कुंपणे वाळली, पिके बुडाली. शेतकरी न्यायालयात गेला, तर एक कारखानदार दुसऱ्याच्या धुराड्याकडे बोट दाखवी. आपले शेत नेमके कोणाच्या धुराने जळले, हे त्या बिचाऱ्याने सिद्ध कसे करावे?

उपाय ठाऊक नव्हता असे नाही. विल्यम गॉसेज या कारखानदाराने १८३६ मध्येच तो शोधून काढला होता. उंच मनोऱ्यात कोक भरावयाचा, वरून पाणी झिरपू द्यावयाचे आणि खालून वायू सोडावयाचा. हा वायू पाण्यात सहज विरघळतो. परंतु मनोरा बांधावयास पैसा लागे आणि तो नीट चालविण्यास रोजची दक्षता लागे. शेजारी खर्च करीत नाही, तर आपण का करावा, असा विचार पुष्कळजण करीत.

अखेर १८६२ मध्ये लॉर्ड डर्बी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली आणि १८६३ मध्ये ‘अल्कली कायदा’ संमत झाला. निघणाऱ्या वायूपैकी निदान ९५ टक्के वायू अडविलाच पाहिजे, असे बंधन सर्वांवर सारखेच आले. रॉबर्ट अँगस स्मिथ हे रसायनशास्त्रज्ञ पहिले निरीक्षक नेमले गेले. ते व त्यांचे साहाय्यक कारखान्यात जाऊन वायू मोजीत. धाक घालण्यापेक्षा मनोऱ्यातील दोष दाखवून देण्यावर स्मिथ यांचा भर असे.

कायद्याने धंदा बुडाला काय? मुळीच नाही. अडविलेल्या आम्लापासून पुढे क्लोरीन आणि क्लोरीनपासून कापड व कागद शुभ्र करणारी भुकटी मोठ्या प्रमाणावर होऊ लागली. काल जे टाकाऊ होते, तेच विकाऊ झाले.

तथापि कायद्यातही उणीव होती. कारखाने वाढले, तसा सुटणारा पाच टक्के वायूही वाढला. म्हणून १८७४ मध्ये धुराड्यातून निघणाऱ्या दर घनफूट हवेत किती आम्ल चालेल, याचीच मर्यादा ठरविण्यात आली. शिवाय, व्यवहारात शक्य असलेला उत्तम उपाय योजणे हे मालकाचे कर्तव्य ठरले.

आपल्या महाराष्ट्राने १९६९ मध्ये जलप्रदूषणाविरुद्ध कायदा केला. १९७४ मध्ये संसदेनेही तसा कायदा केला. सांडपाण्याचा नमुना पुरावा म्हणून घ्यावयाचा, तर तो मालकासमक्ष दोन भागांत विभागून मोहोरबंद करावा, असे त्यात सांगितले आहे. त्यामुळे मालकावर अन्याय होत नाही आणि नदीवरही होत नाही.

निरीक्षक वर्षातून काही दिवसच येतो. उरलेल्या दिवशी मनोऱ्यातील पाणी चालू आहे की नाही, हे तेथे राबणाऱ्यांनाच ठाऊक असते. कायद्याचे खरे पालन होते ते त्याच दिवशी.

स्वाध्याय
१. उपाय ठाऊक असूनही कारखानदार तो का योजीत नव्हते?
२. १८६३ च्या कायद्यातील उणीव कोणती? ती कशी दूर झाली?
३. ‘काल जे टाकाऊ होते, तेच विकाऊ झाले’ हे विधान स्पष्ट करा.