संगणकावरून कॅल्क्युलेटरमध्ये प्रोग्रॅम

आलेख काढणाऱ्या टीआय-८४ प्लसवर आम्ही वर्गसमीकरणाची मुळे काढणारा प्रोग्रॅम दोन दुपारी बसून टाइप केला. पुढे मेमरी साफ झाली आणि मेहनत पाण्यात गेली. चूक आमचीच, प्रत कुठेच ठेवली नव्हती.

आता आम्ही संगणकावरच लिहितो. टीआय कनेक्ट सीई हे सॉफ्टवेअर मोफत मिळते, त्यात प्रोग्रॅम लिहिण्याची सोय आहे. नाव जास्तीत जास्त आठ अक्षरांचे. कॅल्क्युलेटर मिनी-यूएसबी केबलने जोडून सुरू करावा (मोबाइलची मायक्रो-यूएसबी त्यात बसत नाही!). पाठवताना प्रोग्रॅम रॅममध्ये ठेवायचा की आर्काइव्हमध्ये, ते निवडता येते. रॅममधला लगेच चालतो, पण रॅम साफ झाली की जातो. आर्काइव्हमधला टिकतो, मात्र त्याच्या नावापुढे तारा दिसतो आणि रॅममध्ये आणल्याखेरीज तो चालत नाही. त्यासाठी 'सेकंड', मग अधिकची कळ, दुसरा पर्याय, प्रोग्रॅमची यादी, नावावर एंटर. तारा गेला की काम झाले.

आधी x² − ५x + ६ = ० देऊन पाहा; २ आणि ३ आले पाहिजेत. मग x² + x + १ = ० द्या. इथे यंत्र अडते, कारण वर्गमुळाखाली −३ येतात आणि साध्या 'रिअल' मोडमध्ये त्याला उत्तर नाही. प्रोग्रॅममध्ये ही तपासणी आधीच घालावी.

पालकांनी विचारले म्हणून सांगतो: जेईईला कॅल्क्युलेटर नेता येत नाही. म्हणून आमच्याकडे प्रत्येक उदाहरण आधी वहीत, मग यंत्रावर.