चित्र बघू, उपकार ओळखू

मुकुंदवाडी हे पूर्वी खेडे होते. आता ते छत्रपती संभाजीनगर शहरात आले आहे. 2019 साली पाऊस लांबला. पाण्याचे फार हाल झाले. तेव्हा इथली काही मुले रेल्वेत बसत. शहराच्या मोठ्या स्टेशनावर उतरत. पाणी भरून परत येत. मग घरात सगळ्यांना पाणी मिळे.

अशा घरातल्या तान्ह्या भावंडाला हे कष्ट कसे कळावेत? सांगितले तर कळतात. त्यासाठी चित्रांचे पुस्तक कामी येते.

लेकराला मांडीवर घ्या. विहिरीचे चित्र असलेले पान उघडा. एखादे अक्षर अडले तरी हरकत नाही. चित्रावर बोट ठेवा आणि विचारा, "बाळा, हा हंडा कोण उचलतंय? तिचे हात दुखत असतील का? आपल्या घरी पाणी कोण भरतं?"

पोर म्हणेल, "ताई!" मग म्हणा, "जा, ताईच्या हंड्याला हात लाव."

"आभार मान" असे दरडावू नका. भीतीने निघालेला शब्द मनात राहत नाही. पोळ्याला आपण बैलाला न्हाऊ घालतो, पुरणपोळी चारतो. का? तो वर्षभर आपल्यासाठी राबतो. दुसऱ्याने केलेले न विसरणे, यालाच कृतज्ञता म्हणतात.

उद्या बैलाचे पान उघडा. परवा भाकरीचे. एका भाकरीमागे किती हात राबतात, ते दोघे मिळून मोजा.

सांगा पाहू : तुमच्या घरी पाणी कोण भरते? आज तुम्ही तिच्याशी दोन गोड शब्द बोललात का? लेकरू ऐकत असते.